रानाबद्दलचं अर्धं वाक्य

१४ एप्रिल

प्रिय मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, म्हणून पत्र. मी कुठून लिहितेय सांगू? तुझ्या रानातून. वनखात्याच्या त्याच लाकडी खोलीतून, जिच्या खिडकीला तू नोकरीभर ‘उद्या दार बसवतो’ म्हणत होतास. अजून बसलेलं नाही. मी पुठ्ठा लावलाय.

खात्याने मला दोन रानांची तुलना करायला घेतलंय. एक तुझं, मिश्र: ओक, मेपल, भूर्ज आणि मधेमधे पाइन. दुसरं ओढ्यापलीकडचं जुनं, नुसत्या ओकचं. पूल वाहून गेला तेव्हापासून तिथे कुणी करवत घेऊन गेलेलं नाही. दोन्हीकडचे पक्षी, भुंगेरे, बुरशी, शेवाळं, जमिनीवरची झुडपं, सगळं मोजायचं. त्यावरून ते ठरवणार की पुढे झाडं कशी लावायची.

तुझं नाव इथे अजून चालतं. मी भाची आहे म्हटल्यावर वनरक्षकाने खुर्ची पुसून दिली. म्हणाला, “मॅडम, साहेबांच्या रानात काडीसुद्धा पडलेली दिसणार नाही. आम्ही तसंच ठेवलंय.” खरंच दिसत नाही.

आज भूर्जांना पालवी फुटलीय. ओक अजून झोपलेत. वेगवेगळ्या झाडांची वेगवेगळी उठायची वेळ, आणि त्यामुळे खाली प्रत्येक फुलाला थोडं थोडं ऊन. तू हे मला शाळेत असताना सांगितलं होतंस तेव्हा मी जांभई दिली होती. आज ते डोळ्यांनी पाहिलं.

मामीला सांग, बूट नीट बसले. मोजे मात्र कोणाच्या मापाचे विणलेत?

तुझी,
टिटवी

---

२ मे

चि. टिटवी,

भरपूर आशीर्वाद. मोजे माझ्या मापाचे आहेत. मी घालत नाही म्हणून ते तुला आले.

तू तिथे आहेस हे वाचून मी मामीला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, ओरडू नका, मला ऐकू येतं.

आता ऐक. तिथे माझ्या आधी नुसता पाइन होता, कवायतीला उभा केल्यासारखा. मी नवीन रुजू झालो त्या उन्हाळ्यात साल पोखरणारा किडा आला. महिन्याभरात डोंगर तांबडा झाला. आम्ही तोडत गेलो आणि किडा आमच्या पुढे पळत गेला. माझे वरिष्ठ तिथेच एका खुंटावर बसून रडले, मी पाहिलंय. त्या वर्षी मी ठरवलं की एका जातीचं रान पुन्हा लावायचं नाही. मिश्र रोपं मागितली तेव्हा सगळं ऑफिस हसलं. “साहेब बाग लावणार आहेत,” म्हणाले. लावली बाग. उभी आहे ना?

आणि काडी पडलेली दिसत नाही ते उगाच नाही. पडलेलं लाकूड म्हणजे किडीला आवतण. पडलं की उचला, सुकलं की तोडा, गर्दी झाली की विरळणी करा. हे मी पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं.

ओढ्यापलीकडचं ते काय रान आहे? म्हाताऱ्यांचा वॉर्ड आहे. अर्धे आडवे पडलेत, अर्धे पडायच्या बेतात. मोज बापडी. निकाल मला आत्ताच माहीत आहे. लिहून पाठवू का? तुझे कष्ट वाचतील.

तुझा,
मामा

---

२० ऑगस्ट

प्रिय मामा,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मोजणी संपली. तुझ्याकडे पक्षी जास्त आहेत आणि जमिनीवरची फुलझाडं तर कितीतरी जास्त. ते तू म्हणाला होतास तसंच. पण भुंगेरे, बुरशी, शेवाळं, गोगलगायी, हे सगळं पलीकडे. थोडंथोडकं नाही मामा. मी एका पडलेल्या ओकजवळ सकाळी बसले ती दुपारीच उठले. सालीचा एक तुकडा उचलला तर खाली आख्खी वस्ती. लाकूड इतकं मऊ की बोट जातं, आणि त्या मऊ लाकडात अळ्यांची घरं, त्या अळ्या खाणारे दुसरेच कोणी, आणि त्यांच्या सोडलेल्या बिळांत राहायला आलेले तिसरे. उभ्या सुकलेल्या झाडांत ढोल्या. एका ढोलीतून वटवाघळाने माझ्याकडे असं पाहिलं की मीच माफी मागून खाली उतरले.

तुझ्या रानात मी तसला ओंडका शोधत फिरले. नाही सापडला. सगळं उचललेलं, सुकलेलं तोडलेलं. शिवाय विरळणी इतक्या वेळा की जमीन दर थोड्या वर्षांनी उघडी पडते आणि शेवाळ वाळून जातं.

दोष मिसळीचा नाही. मिसळ चांगलीच आहे. दोष रान स्वच्छ ठेवण्याचा आहे. एकाच जातीचं पण हात न लावलेलं रान, आणि अनेक जातींचं पण रोज झाडून काढलेलं रान, यांची तुलना झाली आणि आपलं मागे पडलं. आणि साल पोखरणाऱ्या किड्याला ताजं पडलेलं पाइन लागतं. वर्षानुवर्षं कुजलेल्या ओकशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

अहवाल पुढच्या आठवड्यात जाईल. प्रत सोबत पाठवतेय, आधी तू वाच. कुठे चुकत असेन तर कान धर.

टिटवी

---

२९ ऑगस्ट

सौ. संशोधक बाई यांस,

आपला अहवाल मिळाला. उघडला नाही. पत्रात पुरेसं समजलं.

मी तीस वर्षं त्या रानात काढली. आपण एक उन्हाळा काढलात, तोही कोरडा. एका कोरड्या वर्षात शेवाळ मोजून रान कळत असेल तर आम्ही उगाच पायपीट केली. आपल्या आवडत्या वॉर्डातले सगळे म्हातारे एका वयाचे आहेत, हे आपण मोजलंत का? खाली एक तरी तरुण ओक पाहिलात? उद्या त्यांना रोग लागला की सगळे एकदम जातील, आणि आपले भुंगेरे कुठे राहायला जातील ते त्यांनाच विचारा.

रोज झाडून काढलेलं, असा शब्द आपण वापरलात. ज्यांनी ते झाडलं त्यातल्या दोघांची बोटं गेली आहेत.

आपल्या पुढील कार्यास शुभेच्छा. मामी मजेत आहे.

कळावे,
निवृत्त वनाधिकारी

---

६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. तू म्हणतोस ते खरं आहे: पलीकडे तरुण ओक नाहीत, आणि वर्ष कोरडं होतं. दोन्ही गोष्टी अहवालात आहेत. तू उघडला असतास तर दिसल्या असत्या. असो.

इथे सगळं ठीक. मेपल लाल झालेत. संध्याकाळी गारठतं, पुठ्ठा बदलला. वनरक्षक वरच्या उतारावरच्या झाडांना रंगाचे पट्टे मारत फिरतोय, नेहमीची विरळणी असेल. त्याने तुझी चौकशी केली.

तू माझ्याशी ‘आपण’ म्हणून बोललास त्याला सव्वा महिना झाला. मला ‘गाढवे’ म्हण, पण हे नको.

टिटवी

---

२ नोव्हेंबर

टिटवी,

मी मामी. मला पत्रं लिहायची सवय नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

काल तुझ्या मामाचा जुना हाताखालचा माणूस आला होता. बसला, चहा घेतला, आणि उठताना दारात म्हणाला, “वाईट वाटलं हो साहेब, तुमच्या रानाचं.” मामा म्हणाले, “काय वाटलं?” मला वाटलं ऐकू आलं नसेल. आलं होतं.

तो म्हणाला, वरचा उतार सगळा तोडणार. तिथे भराभर वाढणारा पाइन लावणार, नुसता पाइन. कारखान्याला हवाय. आणि कागदावर आधार म्हणून तुझा अहवाल लावलाय, की मिश्र रानाचा काही फायदा दिसून आलेला नाही.

तो गेल्यापासून मामा स्वयंपाकघरातली फळी ठोकतायत. फळी मोडलेली नव्हती. जेवायला बोलावलं तर म्हणतात, “तिला हेच हवं होतं.” मी म्हटलं, वेडे आहात का, ती कशाला असं करेल? तर खिळा वाकडा गेला आणि माझ्यावरच ओरडले.

मला बुरशीतलं काही कळत नाही. मला एवढंच सांग, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर त्या रंगाच्या पट्ट्यांना तू विरळणी का म्हणालीस? तुझी पत्रं मीही वाचते, बाळा.

मामी

---

९ नोव्हेंबर

मामा,

मामीचं पत्र आलं. हे तुला आहे. तू वाचत नसलास तर तिने वाचून दाखवावं, मोठ्याने.

खरं आहे. पट्टे कशाचे ते मला सहा ऑक्टोबरलाच माहीत होतं. आपलं बोलणं आधीच तुटलेलं, त्यात हे कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून टाळलं. वाटलं, तुला कळायच्या आत मी थांबवीन.

माझं वाक्य असं होतं: ‘सर्व गट एकत्र पाहता मिश्र रान हे शेजारच्या एकजातीय रानापेक्षा समृद्ध असल्याचं आढळलं नाही, याचं कारण झाडांची मिसळ नसून, पडलेलं लाकूड उचलण्याची आणि वारंवार विरळणी करण्याची पद्धत हे आहे.’ त्यांनी ‘नाही’नंतरच्या स्वल्पविरामाला वाक्य कापलं. तिथे पूर्णविराम दिला आणि खाली लिहिलं, सबब मिश्र लागवडीचा जादा खर्च समर्थनीय नाही.

मी खात्याच्या आताच्या साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला.

“वाक्य तुमचंच आहे ना?”

“अर्धं माझं आहे.”

“म्हणजे हे शब्द तुम्ही लिहिले नाहीत?”

“लिहिले, पण पुढे...”

“मग झालं तर. पुढचं विवेचन आमच्या फाइलीत आहेच.”

मी म्हटलं, तुम्ही हात न लावलेल्या रानाचा दाखला देऊन दर काही वर्षांनी सपाट करायचं रान लावताय. ते म्हणाले, “एकजातीय तर दोन्ही आहेत.” मामा, इतकं सोपं, इतकं चुकीचं, आणि वाक्य माझं.

जानेवारीत खात्यात या तोडणीवर सुनावणी आहे. मी विचार करून ठेवलाय. अहवाल मागे घेते. मोजणीत चूक झाली, वर्ष कोरडं होतं, निष्कर्ष धरू नयेत, असं लिहून देते. अहवालच नसेल तर त्यांच्या हाती काही उरत नाही. माझी पुढची कामं जातील, जाऊ देत. तू फक्त हो म्हण.

टिटवी

---

१८ नोव्हेंबर

टिटवी,

नाही.

मोजलंस ना? बरोबर मोजलंस ना? मग चूक झाली असं लिहून द्यायचं नाही. तसं लिहिलंस तर पलीकडचं रानही गेलं म्हणून समज, कारण त्याच्या बाजूने बोलणारा जगात तो एकच कागद आहे. हे तुझ्या लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटतं.

अहवाल उघडला. शेवाळापर्यंत आलोय. अक्षर फार बारीक छापता तुम्ही लोक. बाराव्या पानावर ओढ्याची दिशा चुकली आहे.

मी तुझ्यावर अजून चिडलेलो आहे, ते वेगळं. तुला हेच हवं होतं असं मी मामीपाशी बोललो, ते मात्र चिडून बोललो. खरं मानून नाही.

मामा

---

२२ जानेवारी

प्रिय मामी,

परवा मामा तुला कानाचं यंत्र बघायला जातो म्हणून सांगून निघाला ना? यंत्र घेतलंय, हे खरं. पण ते घालून तो थेट सुनावणीला आला. मी दारात त्याला बघून उभीच राहिले. तो म्हणाला, “सरक, गारठा आत येतोय.”

तुला सगळं सांगते, कारण तो सांगणार नाही.

साहेबांनी अर्धं वाक्य वाचलं. मी उठून पूर्ण वाचलं. साहेब म्हणाले, हा संशोधकांचा तर्क झाला. प्रत्यक्ष त्या रानाचं व्यवस्थापन ज्यांनी केलं त्यांचा तसा अनुभव आहे का? त्यांना वाटलं मामा भडकणार आणि माझ्याविरुद्ध बोलणार. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला सांगू.

मामा उठला. कोटाचं बटण चुकीच्या काजात होतं. म्हणाला, “मी त्या रानातला पडलेला प्रत्येक ओंडका उचलायला लावला. मला वाटलं मी किडीला दूर ठेवतोय. पाइनच्या बाबतीत ते खरंही होतं. पण ओक, मेपल, भूर्ज, सगळ्यांना मी तोच नियम लावला. मिश्र रान लावलं आणि सांभाळलं मात्र पाइनच्या रानासारखं. हे या मुलीने मोजून दाखवलंय. मिसळ चुकलेली नाही, माझा झाडू चुकलाय. झाडूची शिक्षा झाडांना देऊ नका.”

कोणीतरी मागे हसलं. मामाने यंत्रावर हात ठेवून वळून पाहिलं. पुन्हा कोणी हसलं नाही.

मग साहेबांनी विचारलं, “म्हणजे आपल्या कारकिर्दीतलं व्यवस्थापन सदोष होतं, असं नोंदवून घ्यायचं का?” मामी, तो प्रश्न फार घाणेरड्या सुरात विचारला त्यांनी. मी उठायला लागले तर मामाने हाताने खाली बसवलं. म्हणाला, “नोंदवा. स्पेलिंग नीट लिहा.”

पण हे चित्रासारखं गोड झालं नाही. वरच्या उताराचा करार आधीच झालाय. तो जाणार. ओढ्याकाठचा पट्टा, मिश्र रानाचा साधारण तिसरा हिस्सा, आणि पलीकडचे जुने ओक राहणार. तिथे पडलेलं लाकूड उचलायचं नाही असं लेखी मिळालं. मी रडायला लागले. मामा म्हणाला, “तिसरा हिस्सा बरा आहे. मी लावायला सुरुवात केली तेव्हा तेवढंही नव्हतं.” बस येईपर्यंत आम्ही दोघं थांब्यावर उभे होतो. मी हात धरला तर त्याने धरू दिला.

त्याला रागवू नकोस. आणि तो यंत्र काढून ठेवेल, त्याकडे लक्ष ठेव.

टिटवी

---

१६ मार्च

टिटवी,

तू दुसऱ्या कामावर गेलीस म्हणून मी तोडणीला एकटाच गेलो. तुला कळवलं नाही. तू आली असतीस आणि आपण एकमेकांकडे बघत बसलो असतो.

आता कुऱ्हाडी नसतात. यंत्र येतं, झाडाला कवेत घेतं, कापतं, सोलतं, बाजूला ठेवतं. आत एक तरुण मुलगी बसलेली, कानात गाणी. मी वीस पावलांवर उभा राहून हात हलवला तेव्हा तिने यंत्र थांबवलं. म्हणाली, “आजोबा, इथे उभं राहू नका.” मी म्हटलं, हे मी लावलंय. ती खाली उतरली. तिने मला तिच्या थर्मासमधली कॉफी दिली. मग परत चढली आणि काम सुरू केलं. बरोबरच केलं. थांबून काय करणार होती?

संध्याकाळपर्यंत वरचा उतार गेला. भूर्ज पडताना आवाजच होत नाही, मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून कानातलं काढून पुन्हा घातलं. एका मेपलवर मी बांधलेल्या दोरीचा वळ अजून होता. रोपटं असताना वाऱ्याने झुकलं होतं म्हणून मी बांधलं होतं, आणि सोडायला विसरलो होतो. झाड दोरी गिळून वाढलं. तेही गेलं. वाहून नेण्याजोगं सगळं त्यांनी नेलं. मला वाटलं होतं मी हे सहन करीन. घरी येऊन दोन दिवस कानातलं घातलंच नाही. मामीने विचारलं नाही, नुसती बाजूला बसून राहिली.

मग मी खालच्या पट्ट्यात गेलो. परवाच्या वाऱ्याने तिथे एक ओक पडलाय, वाटेवरच. आपला वनरक्षक साखळी घेऊन आला होता ओढायला. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, “साहेब, तुम्हीच शिकवलंत, पडलेलं झाड वाटेवर दिसलं की वनरक्षकाने मान खाली घालायची.” मी म्हटलं, चुकीचं शिकवलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं तो आता रडणार. सगळी नोकरी त्याने त्या एका वाक्यावर काढलीय. आम्ही दोघांनी मिळून वाट ओकच्या बाजूने वळवली. दगड लावले. त्याला ते मनापासून पटलेलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, आडवं पडलेलं झाड बघून हात शिवशिवतात.

तू म्हणतेस तशी वस्ती त्यात कधी येईल? पुढच्या वर्षी? दहा वर्षांनी? मला घाई आहे म्हणून विचारतोय असं समजू नकोस. घाई आहेच, पण म्हणून विचारत नाही. तिथे बसलो तर कशाकडे बघायचं हेच मला कळत नाही. झाड उभं असलं की मला सगळं कळतं. पडलं की मी अडाणी.

तर तू ये. आजवर त्या रानात मी पुढे आणि तू मागे, अशीच आपण चाललो. या खेपेला तू पुढे चाल, आणि जिथे थांबायचं तिथे थांब. मी मागून येतो. गुडघे दुखतात, तरी खाली वाकून बघीन.

तुझा,
मामा